बेळगावात जागा सोडावी लागली, औंधच्या राजाने माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली

वडूज हे खटाव तालुक्याचं ठिकाण. याच दुष्काळी तालुक्यात औंध आहे. एकेकाळी इथे पंतप्रतिनिधींचं छोटंसं संस्थान होतं. या संस्थानाने एका उद्योजकाला जमीन दिली आणि आजच्या सांगली जिल्ह्यात एक अख्खं गाव वसलं.

त्या उद्योजकाचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकला सुटली. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिकडे बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचा धंदा सुरू झाला होता. नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी थेट बेळगाव गाठलं.

तिथे त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर खपायला वेळ लागला, पण धंदा हळूहळू रुळावर आला.

तेवढ्यात शहर वाढायला लागलं. नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती आणि कारखान्याला तिथून उठावं लागलं.

तेव्हा औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी संस्थानात जागा दिली, शिवाय भांडवलासाठी कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ निवडला. तिथे निवडुंग माजला होता आणि नागांचा सुळसुळाट होता. पण शेजारून रेल्वे जात होती, म्हणजे कच्चा माल आणायची आणि नांगर पाठवायची सोय होती.

1910 मध्ये सुमारे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे आले. आसपास राहायला काहीच नव्हतं, त्यामुळे कारखान्यासोबतच गावही बांधावं लागलं. घरं, रस्ते, पाणी, शाळा या सगळ्याची आखणी झाली. वसाहतीचं काम रामूअण्णा बघायचे. गावात अस्पृश्यता पाळायला बंदी होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं, त्यामुळे त्यांना कामही मिळालं आणि गावात जागाही.

तिकडे टाटांचं जमशेदपूर उभं राहत होतं, त्याच काळात ही वाडी आकाराला येत होती. पुढे स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं. कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, तोही औंध संस्थानाच्याच हद्दीत. ते गाव आज ओगलेवाडी म्हणून ओळखलं जातं.

1956 मध्ये लक्ष्मणराव गेले. संस्थान तर 1948 मध्येच विलीन झालं होतं. किर्लोस्करवाडीत मात्र आजही पंप बनतात.

बेळगावात घरांसाठी कारखाना हलला, तर कुंडलच्या माळावर कारखान्यामुळे घरं उभी राहिली. गाव वाढवायचं म्हणजे नुसते प्लॉट पाडून भागत नाही. तिथे राहणाऱ्याला काम लागतं आणि कामाला येणाऱ्याला घर, पाणी, शाळा लागते. वडूजसारख्या तालुक्याच्या गावांना हा धडा शोधायला लांब जायची गरज नाही. ज्या संस्थानाने तो घालून दिला, त्याची राजधानी त्यांच्याच तालुक्यात होती.