दोन डायऱ्या, एक संसार

कॉलेजच्या कट्ट्यावर काही वाद कधीच संपत नाहीत. त्यातलाच हा एक. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला आपला भूतकाळ किती सांगायचा? फोनचा पासवर्ड द्यायचा की नाही? आमच्या ग्रुपमध्ये याच्यावरून सरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, सगळं सांगून टाकावं, मन हलकं होतं. दुसरी विचारते, कुणाचं मन?

हाच वाद जगातल्या एका फार मोठ्या लेखकाच्या घरात ४८ वर्षं चालला. लेखकाचं नाव लिओ टॉलस्टॉय. पण आजची गोष्ट त्याच्या बायकोची आहे. सोफियाची.

लग्नाआधीचा आठवडा

सोफिया बेर्स ही मॉस्कोतल्या एका डॉक्टरांची मुलगी. १८६२ मध्ये टॉलस्टॉयने तिला मागणी घातली तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि तो ३४ चा. मागणी आणि लग्न यांत जेमतेम आठवडा गेला. त्या आठवड्यात टॉलस्टॉयने आपल्या जुन्या डायऱ्या तिच्या हातात दिल्या. आपल्यात काही लपलेलं राहू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या डायऱ्यांमध्ये जुगार होता, आधीच्या बायका होत्या. स्वतःच्या जमिनीवर राबणाऱ्या एका शेतकरी बाईशी असलेले संबंधही होते. त्या बाईला त्याच्यापासून मुलगाही झाला होता.

सोफियाने सगळं वाचलं, रडली आणि तरीही लग्न केलं. मग यास्नाया पोल्यानाला, म्हणजे टॉलस्टॉयच्या गावच्या वाड्यात, ती राहायला गेली. ती बाई तिथेच जवळपास राहत होती. टॉलस्टॉयच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, पण ते सोफियाच्या डोक्यावर आलं होतं. त्या पानांनी दिलेला त्रास तिच्या स्वतःच्या डायरीत पुढे कितीतरी वर्षं येत राहतो.

एकमेकांच्या डायऱ्या वाचायच्या, ही या घराची रीतच पडली. त्यामुळे गंमत अशी झाली की, डायरी लिहितानाही दुसरा वाचणार आहे हे दोघांना ठाऊक असायचं. तोंडावर बोलता येत नाही ते डायरीत लिहायचं आणि ती टेबलावर सोडायची. आपण स्टेटस टाकतो ना, एकाच माणसाने बघावं म्हणून? तसंच काहीसं.

मेणबत्तीच्या उजेडात

सुरुवातीची वर्षं सुखाचीही होती, हे सांगायलाच हवं. टॉलस्टॉय दिवसा लिहायचा आणि खाडाखोड करून करून कागद पार काळे करायचा. रात्री मुलं झोपली की सोफिया ते अक्षर लावून स्वच्छ प्रत काढायची. सकाळी तो त्यावर पुन्हा खाडाखोड करायचा. 'वॉर अँड पीस' असं कितीदा तरी तिच्या हाताखालून गेलं. या कामाचा तिला कंटाळा नव्हता, उलट अभिमान होता. त्याच काळात तिला एकामागून एक मुलं होत होती. एकूण १३. त्यातली पाच लहानपणीच गेली.

वळण आलं १८७० च्या दशकाच्या शेवटी. 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहून झाली, जगभर नाव झालं आणि टॉलस्टॉयला सगळंच व्यर्थ वाटायला लागलं. जमीन नको, पैसा नको, नोकरचाकर नकोत. लोक उपाशी असताना आपण वाड्यात जेवतो, याची त्याला खरोखर लाज वाटत होती. याच विचारांनी पुढे गांधीजींना दिशा दिली. दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या आश्रमाला त्यांनी टॉलस्टॉयचं नाव दिलं.

आता तीच गोष्ट सोफियाच्या बाजूने बघा. मुलं वाढवायची आहेत, शिकवायची आहेत आणि नवरा म्हणतो, सगळं वाटून टाकू. मालमत्ता पाप आहे म्हणून त्याने सगळा कारभार तिच्यावर सोपवला. मग ती हिशेब बघायला लागली, त्याची पुस्तकं छापून विकायला लागली. या पैशावर घर चालत होतं आणि त्याच पैशाबद्दल तिला ऐकून घ्यावं लागत होतं. १८९१ मध्ये त्याने १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावरचे हक्क जाहीरपणे सोडले. दोघंही आपापल्या जागी खरी होती. अडचण तीच होती.

तिने लिहिलेलं उत्तर

त्याच सुमारास त्याने 'द क्रॉइत्झर सोनाटा' लिहिली. बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट, लग्नसंस्थेवरच घाव घालणारी. लोकांनी तिचा संबंध लगेच टॉलस्टॉयच्या संसाराशी जोडला. सोफियाला अपमान वाटला. पण सरकारने पुस्तकावर बंदी घातली तेव्हा हीच सोफिया सेंट पीटर्सबर्गला जाऊन झारला भेटली आणि ते छापायची परवानगी घेऊन आली! आणि घरी आल्यावर तिने गुपचूप स्वतःची कादंबरिका लिहिली. 'दोष कुणाचा?' अशा अर्थाचं तिचं नाव. तसंच लग्न, पण बायकोच्या नजरेतून. ती छापली गेली थेट १९९४ मध्ये.

बुटात लपवलेली वही

शेवटचं वर्ष १९१०. टॉलस्टॉयचा पट्टशिष्य चेर्तकोव्ह आणि सोफिया यांच्यात उभा दावा होता. त्याच्या डायऱ्या कुणाकडे राहणार, पुस्तकांचे हक्क कुणाला मिळणार, यावरून. जुलैमध्ये टॉलस्टॉयने जंगलात जाऊन, झाडाच्या बुंध्यावर बसून, बायकोच्या नकळत मृत्युपत्रावर सही केली. आणि फक्त स्वतःसाठी म्हणून एक नवी डायरी सुरू केली. ती तो बुटात लपवायचा. लग्नाआधी सगळ्या डायऱ्या देणारा माणूस ८२ व्या वर्षी वही बुटात लपवतो! सोफियाला ती सापडलीच.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री ती त्याच्या खोलीत कागद चाळत असल्याचा आवाज त्याने ऐकला. पहाटेच्या अंधारात तो डॉक्टरांना घेऊन घर सोडून निघाला. चिठ्ठी वाचून सोफियाने तळ्यात उडी घेतली, तिला वाचवलं गेलं. वाटेत टॉलस्टॉयला न्यूमोनिया झाला आणि अस्तापोवो नावाच्या छोट्या स्टेशनवर, स्टेशनमास्तरच्या घरात त्याने अंथरूण धरलं. सोफिया स्पेशल ट्रेनने तिथे पोचली. पण शिष्य आणि मुलांनी तिला आत सोडलं नाही, त्याला धक्का बसेल म्हणून. बाहेर जगभरचे पत्रकार आणि कॅमेरे. तिला आत घेतलं तेव्हा तो जवळजवळ शुद्धीत नव्हता.

त्यानंतर ती नऊ वर्षं यास्नाया पोल्यानातच राहिली, आणि १९१९ मध्ये गेली. जग तिला महात्म्याला छळणारी बायको म्हणूनच ओळखत राहिलं. तिने लिहून ठेवलेलं जाडजूड आत्मचरित्र रशियन भाषेत पूर्ण छापलं गेलं २०११ मध्ये. म्हणजे तिची बाजू ऐकायला जगाने शंभरेक वर्षं लावली.

आपल्याकडे सुमती देवस्थळे यांचं 'टॉलस्टॉय : एक माणूस' हे चरित्र अनेक घरांत असतं. ते वाचाच. पण वाचताना त्या घरात दुसरी एक डायरीही लिहिली जात होती, हे लक्षात ठेवा.

कट्ट्यावरच्या वादात मी कुठल्या पार्टीत, असं विचाराल तर आधी मी 'सगळं सांगा' वाली होते. आता एवढंच वाटतं, की सांगणाऱ्याचं सांगून होतं, पण ऐकणाऱ्याला ते घेऊन जगायचं असतं. त्यामुळे सांगायचं असेल तर त्यानंतर समोरच्याचं ऐकायलाही थांबायला हवं. सोफियासाठी तेवढं कुणी थांबलं नाही.