संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याच्या, तरीही मॅच हरले! सांगलीच्या विजय हजारेंची गोष्ट

आज एखादा पोरगा आयपीएलच्या लिलावात कोट्यवधींना विकला जातो आणि पुढच्या लिलावात दुसऱ्याच रंगाची जर्सी घालतो. आपल्याला हे नवं वाटतं. पण पैशासाठी संघ बदलत खेळणं आपल्याकडे शंभर वर्षं जुनं आहे. फरक इतकाच की तेव्हा बोली लावायला उद्योगपती नव्हते, संस्थानिक होते. आणि या संस्थानिकांच्या जोरावर पोट भरत, एका गावातून दुसऱ्या गावात जात क्रिकेट खेळलेला एक मोठा माणूस सांगलीत जन्मला होता.

विजय सॅम्युएल हजारे.

देशातल्या एकदिवसीय स्पर्धेला ज्यांचं नाव आहे ते हजारे. ‘विजय हजारे ट्रॉफी’ हे नाव दर हिवाळ्यात कानावर पडतं, पण हा माणूस आपल्या कृष्णाकाठचा होता हे सांगलीतल्याही अनेकांना माहीत नसतं.

११ मार्च १९१५ ला सांगलीत त्यांचा जन्म झाला. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर आणि भावंडं आठ. मास्तरांच्या पगारात आठ पोरांचं घर चालायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. क्रिकेट हा तेव्हा राजेरजवाड्यांचा, पारशांचा आणि मुंबईच्या श्रीमंतांचा खेळ. हजारेंच्या बरोबरीने नेहमी ज्यांचं नाव घेतलं जातं ते विजय मर्चंट मुंबईच्या गिरणीमालकांच्या घरातले. त्यांना क्रिकेटमधून पोट भरायचं नव्हतं. हजारेंना भरायचं होतं. हे लक्षात ठेवलं की पुढची सगळी गोष्ट समजते.

१९३४-३५ च्या हंगामात हजारे महाराष्ट्राकडून पहिल्या दर्जाचं क्रिकेट खेळायला लागले. मग त्यांना हेरलं देवासच्या महाराजांनी. देवास थोरली पातीचे हे विक्रमसिंहराव पवार, म्हणजेच १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले छत्रपती शहाजी महाराज. त्यांनी हजारेंना पदरी ठेवलं आणि ऑस्ट्रेलियाचा महान लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याची शिकवणी मिळवून दिली.

ग्रिमेटने बॉलिंग शिकवली. पण बॅटिंगला त्याने हात लावला नाही, आणि कदाचित हेच त्याचं सगळ्यात मोठं काम. हजारेंचा उभं राहण्याचा ढंग पुस्तकातला नव्हता. बॅट दोन पॅडच्या मध्ये धरून ते असे उभे राहायचे की कुणालाही वाटावं, याला आधी नीट उभं राहायला शिकवा. ग्रिमेटचा सल्ला होता की हा ढंग बदलायच्या भानगडीत पडू नये.

त्याचं फळ १९३९-४० मध्ये दिसलं. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध बडोदा या सामन्यात हजारेंनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत महाराष्ट्राने त्या वर्षी रणजी जिंकली, पुढच्या वर्षीही जिंकली.

आणि मग हजारे महाराष्ट्र सोडून गेले. कुठे? तर ज्यांना ३१६ मारले होते त्याच बडोद्याकडे!

यात गद्दारी वगैरे काही नव्हतं. क्रिकेट खेळून घर चालवायचं तर संस्थानाची नोकरी हाच भरवशाचा रस्ता होता. बडोद्याच्या गायकवाडांकडे खेळाला पैसा होता आणि खेळाडूला मान होता. हजारे तिथे गेले ते कायमचे. १९४१ पासून पुढची वीस वर्षं ते बडोद्याकडून रणजी खेळले आणि त्या काळात बडोद्याने हा करंडक चार वेळा जिंकला.

आता येऊ त्या ३०९ वर.

तेव्हा मुंबईत पंचरंगी सामने व्हायचे. संघ धर्मावर ठरायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेसुरले. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे जे कुणात बसत नाहीत ते या संघात. या स्पर्धेला गांधीजींनी विरोध केला होता, पण गर्दी मात्र तुडुंब. हजारे ख्रिस्ती, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हा पाचवा संघ आला.

१९४३ च्या स्पर्धेत हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून स्पर्धेचा विक्रम केला. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या फायनलमध्ये हिंदू संघाकडून मर्चंटनी नाबाद २५० काढून तो मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला आणि रेस्टचा संघ १३३ मध्ये गुंडाळला. त्यातल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन.

दुसऱ्या डावातही विकेट पडत गेल्या. मग हजारेंच्या जोडीला आला त्यांचा सख्खा भाऊ विवेक. दोघांनी सहाव्या विकेटसाठी ३०० धावा जोडल्या. त्यात विवेकच्या धावा होत्या २१. बस्स! भावाने एक बाजू धरून ठेवायची आणि दुसऱ्याने कुटायचं, असा तो हिशोब. हजारे ३०९ वर बाद झाले आणि संघ ३८७ वर. दर शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एकट्याच्या.

तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. त्याच हंगामात मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून हा आकडाही मागे टाकला. या दोन विजयांची ही चढाओढ तेव्हा अख्खी मुंबई जीव टाकून बघत होती.

मार्च १९४७. रणजीची फायनल, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. वेगळे झाले तेव्हा भागीदारी झाली होती ५७७ धावांची! गुल महंमद ३१९, हजारे २८८, बडोदा ७८४. होळकर डाव आणि ४०९ धावांनी हरले. कुठल्याही विकेटसाठीची जगातली सगळ्यात मोठी भागीदारी होती ती.

पण कसोटीचं काय? दुसऱ्या महायुद्धाने हजारेंची उमेदीची वर्षं खाल्ली. पहिली कसोटी खेळायला मिळाली १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर. वय ३१. आजकाल या वयात लोक निवृत्तीच्या गप्पा मारतात.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया होता. लिंडवॉल आणि मिलर आग ओकत होते. हजारेंनी पहिल्या डावात ११६ काढल्या, दुसऱ्या डावात १४५. एका कसोटीत दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात भारताचे सहा जण शून्यावर गेले होते, हेही सांगायला हवं. भारत डावाने हरला. शिवाय त्या मालिकेत या माणसाने ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला. सिडनीत १३ वर आणि ॲडलेडला २०१ वर. दुसऱ्या वेळी जरा उशीर झाला, इतकंच.

१९५१-५२ ला इंग्लंड भारतात आलं आणि हजारे कप्तान झाले. दिल्लीत नाबाद १६४ केल्या, पण डाव संथ खेळल्याची टीकाही झाली. मुंबईत १५५. मग मद्रासची शेवटची कसोटी. विनू मांकडनी १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली आणि १० फेब्रुवारी १९५२ ला भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय. कप्तान सांगलीचा!

कौतुकाचे चार महिनेही झाले नाहीत तोच लीड्स आलं. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा पहिली कसोटी खेळत होता. दुसऱ्या डावात भारताचा स्कोअरबोर्ड होता शून्यावर ४ बाद. अशा वेळी हजारे मैदानात आले आणि ५६ काढून गेले. पहिल्या डावात त्यांच्या ८९ होत्या, कोवळ्या विजय मांजरेकरसोबत २२२ धावांची भागीदारी होती. मालिका मात्र ३-० ने गेली. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजचा दौराही हातातून निसटला आणि कसोटी कारकीर्द तिथेच थांबली.

कप्तान म्हणून १४ कसोटी, त्यात विजय एकच. स्वभावाने हे अबोल, लाजाळू. संघातली संस्थानी राजकारणं आणि गटतट सांभाळणं हा त्यांचा पिंड नव्हता. कप्तानीच्या ओझ्याने भारताने एक बॅट्समन अर्धा गमावला असं तेव्हाच बोललं जायचं, आणि ते चुकीचं वाटत नाही. तरीही ३० कसोटींत २१९२ धावा, सरासरी ४७.६५, शतकं सात. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये ६० शतकं आणि वर ५९५ विकेट. १९६० मध्ये जसू पटेलांसोबत त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी कुठल्याच क्रिकेटपटूला ती मिळाली नव्हती.

१८ डिसेंबर २००४ ला वडोदऱ्यात, म्हणजे पोटापाण्यासाठी गेलेल्या त्याच गावात, हजारे गेले. वय ८९. दीड वर्षाने कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडल्या आणि ५७७ चा विक्रम ५९ वर्षांनी मोडला. पण ती जोडी तिसऱ्या विकेटची होती. चौथ्या विकेटसाठीच्या यादीत सगळ्यात वर अजूनही हजारे आणि गुल महंमद हीच नावं आहेत.