चॅटमधले ते दोन स्टार आणि ॲरन स्वार्ट्झ

एआय ॲपने दिलेलं उत्तर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं, की कधीकधी शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार दिसतात आणि ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण येते. ॲप बिघडलंय असं वाटतं, पण तसं नसतं. त्या लिहिण्याच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. दोन स्टार म्हणजे ठळक अक्षर, हॅश म्हणजे मथळा. ब्लॉग लिहिणाऱ्यांना एचटीएमएलचे टॅग टाइप करायला लागू नयेत म्हणून जॉन ग्रुबर यांनी ते 2004 मध्ये आणलं. त्यात त्यांना मदत करणारा मुलगा तेव्हा 17 वर्षांचा होता. हॅशने मथळा लिहायची रीत तर त्याच्याच आधीच्या एटीएक्स नावाच्या फॉरमॅटमधली. त्याचं नाव ॲरन स्वार्ट्झ.

चौदाव्या वर्षी फॉरमॅटच्या भांडणात

ॲरनचा जन्म 8 नोव्हेंबर 1986 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी होती, त्यामुळे घरात कॉम्प्युटर पहिल्यापासून. नववीनंतर त्याने शाळा सोडली. तोवर तो इंटरनेटवर मोठमोठ्या प्रोग्रामर लोकांशी ईमेलवर चर्चा करत होता आणि समोरच्यांना त्याच्या वयाचा पत्ताही नसायचा.

चर्चेचा विषय होता आरएसएस. आरएसएस म्हणजे काय, तर वेबसाइटने स्वतःच्या नव्या लेखांची ठेवलेली एक यादी: मथळा, लिंक, तारीख. ही फाइल ठरावीक फॉरमॅटमध्ये असते, म्हणून कुठलंही ॲप ती वाचू शकतं. तुम्ही दहा साइट निवडल्या, की दहांचे नवे लेख एकाच जागी येतात, तेही तारखेच्या क्रमाने. मध्ये कुणाचा अल्गोरिदम नाही. काय वाचायचं ते तुम्ही ठरवता.

नेटस्केप कंपनीने 1999 मध्ये आरएसएस आणलं आणि थोड्याच काळात त्यातून लक्ष काढून घेतलं. मग मालक कोण, यावरून दोन गट पडले. ब्लॉगिंग सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर म्हणत, फॉरमॅट साधा ठेवा, हाताने लिहिता आला पाहिजे. दुसऱ्या गटाला आरडीएफ नावाची जास्त काटेकोर रचना हवी होती, म्हणजे माहितीचा अर्थ मशीनलाही कळेल. ॲरन या दुसऱ्या गटात होता. डिसेंबर 2000 मध्ये त्यांनी आरएसएस 1.0 जाहीर केलं. तेव्हा तो 14 वर्षांचा होता. वायनर यांनी आपली वाट सोडली नाही. 2002 मध्ये त्यांचं आरएसएस 2.0 आलं. नाव एक, आकडे पुढेमागे, आणि आतली रचना वेगळी!

या भांडणाची किंमत मीही मोजली आहे. फीड वाचणारं छोटं ॲप लिहिताना मला साधी तारीख काढायला दोन वेगळे कोड लिहावे लागले. एका फॉरमॅटमध्ये तारीख वाराच्या नावाने सुरू होते, तर दुसऱ्यात वर्षाने.

शेवटी जिंकलं कोण? वायनर यांचं 2.0. आज पॉडकास्ट ॲपमध्ये नवा भाग आपोआप येतो तो बहुतेक वेळा याच फॉरमॅटमुळे. ॲरनचा गट मागे पडला.

लायसन्सची गंमत

पण गोष्ट इथे एक वळण घेते. त्याच काळात ॲरन क्रिएटिव्ह कॉमन्ससाठी काम करत होता. नेटवर टाकलेल्या प्रत्येक लेखाला, फोटोला आपोआप कॉपीराइट लागतो. तुम्हाला तो इतरांना वापरू द्यायचा असला तरी ते सांगायचं कसं? क्रिएटिव्ह कॉमन्सने त्यासाठी तयार लायसन्स बनवली, जी डिसेंबर 2002 मध्ये आली. ती मशीनला वाचता यावीत याची तांत्रिक बाजू ॲरनने सांभाळली, तीही आरडीएफ वापरूनच.

जुलै 2003 मध्ये वायनर यांच्या आरएसएस 2.0 चा दस्तऐवज हार्वर्डकडे सोपवला गेला आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली खुला झाला. म्हणजे ॲरनच्या गटाला हरवणारा फॉरमॅट ॲरनने हातभार लावलेल्या लायसन्समुळे सगळ्यांचा झाला. मला यात त्याचं सगळं काम दिसतं. फॉरमॅट कोणाचा का असेना, तो कुलूपबंद नसावा.

कुलपांशी झुंज

पुढे तो वर्षभर स्टॅनफर्डला होता. त्याची कंपनी रेडिटमध्ये विलीन झाली आणि 2006 मध्ये रेडिट विकलं गेल्यावर हातात पैसा आला. नोकरीत मात्र तो रमला नाही. अमेरिकन कोर्टांची कागदपत्रं तेव्हा पानाला 8 सेंट देऊन मिळायची. 2008 मध्ये त्याने त्यातली लाखो प्रोग्रामने उतरवून सगळ्यांसाठी खुली केली. एफबीआयने चौकशी केली, पण गुन्हा नोंदला नाही.

मग त्याने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले लाखो शोधनिबंध डाउनलोड केले, त्यासाठी लॅपटॉप वायरिंगच्या खोलीत लपवून ठेवला. जानेवारी 2011 मध्ये त्याला अटक झाली. जेस्टोरने तडजोड केली, पण सरकारी वकिलांनी खटला चालूच ठेवला. आधी 35 वर्षांपर्यंत कैदेची शक्यता सांगितली गेली, नंतर आरोप वाढून 13 झाले. याच काळात इंटरनेटवर सेन्सॉरशिप आणणाऱ्या सोपा विधेयकाविरुद्धच्या मोहिमेत तो पुढे होता आणि 2012 मध्ये ते विधेयक बारगळलं.

11 जानेवारी 2013 ला ब्रुकलिनमध्ये त्याने आत्महत्या केली. वय 26. खटला मागे घेतला गेला.

लॅपटॉप लपवणं बरोबर होतं का? मला नाही वाटत. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लागणारा पेपर समोर असूनही डॉलर मागतो तेव्हा काय वाटतं, हे मी अनुभवलंय. 35 वर्षांची भीती घालण्याइतका हा गुन्हा होता, हेही मला पटत नाही. आज मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा आहे, हे लिहिताना चमत्कारिक वाटतं.

एक करून बघा. फीड रीडरचं एखादं ॲप घ्या आणि रोज वाचता त्या तीन साइटचे पत्ते त्यात टाका. आठवडाभर बातम्या तिथेच वाचा. स्क्रोल केल्यावर यादी संपते, हे पहिल्यांदा जाणवेल.