स्वामी कुवलयानंद

मुंबईहून निघालेली आगगाडी बोरघाट चढून वर आली की लोणावळे लागते. जवळच तुंगार्ली व वळवण येथील जलाशय आहेत. येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत भिंतींस बुरशी धरते, अंथरुणे दमट होतात, आणि ज्यांस दम्याची व्यथा आहे त्यांच्या छातीत घरघर सुरू होते. अशाच गावी श्वासोच्छ्वासाच्या अभ्यासाकरिता एक पुरुष येऊन राहिला, हा योगायोग मोठा मौजेचा खरा. त्या पुरुषाचे नाव स्वामी कुवलयानंद. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, आणि त्यांच्या पालकांसही ते उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात देत आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. घरची गरिबी होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, आणि तीमुळेच बडोदे कॉलेजात पुढील शिक्षण घेणे त्यांस शक्य झाले. १९१० साली ते पदवीधर झाले. बडोद्यास असताना १९०७ पासून तीन वर्षे जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली ते मल्लविद्या आणि देशी व्यायाम शिकले. अरविंद घोष हे त्या काळी बडोदे कॉलेजात अध्यापक होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा या तरुणाच्या मनावर खोल ठसा उमटला.

पुढे ते खानदेशात अमळनेरास शिक्षक झाले. त्याच गावी पुढे साने गुरुजींनीही मुलांस शिकविले. १९१६ साली गुणे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पण ते महाविद्यालय १९२० साली बंद पडले. नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत असत. १९१९ साली गुण्यांची त्यांच्याशी गाठ पडली व त्यांच्यापाशी त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. त्यांच्या आयुष्यास जे वळण लागले ते येथे.

गुरूंनी शिकविलेल्या क्रिया त्यांनी श्रद्धेने केल्या. तथापि या क्रियांनी शरीरात प्रत्यक्ष घडते तरी काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. ग्रंथांत लिहिले आहे म्हणून ते खरे, एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. तसेच ते जुने आहे म्हणून खोटे, हेही त्यांस पटेना. तेव्हा बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी आरंभिली. श्वास पूर्णपणे बाहेर टाकावयाचा, मग वारा आत न घेता बरगड्या फुलवावयाच्या. असे केले म्हणजे पोट आत ओढले जाते व मधला पडदा वर चढतो. नौली करणारा मनुष्य मोठ्या आतड्यात पाणी कसे वर ओढून घेतो, याचे लोकांस गूढ वाटत असे. गुण्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने तेथील दाब मोजला, तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून उणा भरला. म्हणजे पाणी चढते ते पिचकारीत चढते त्याच नियमाने, त्यात चमत्कार काही नाही. या उण्या दाबास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले, ही कृतज्ञता मला विशेष हृद्य वाटते.

१९२४ साली दसऱ्याच्या दिवशी त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक निघाले आणि प्रयोगांचे आकडे त्यात छापून येऊ लागले. सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो, प्राणायामात फुप्फुसांतल्या हवेत प्राणवायू व कर्बवायू किती असतो, अशा गोष्टी मोजून लिहिलेल्या तेथे सापडतात.

प्राणायामासंबंधीचा त्यांचा शोध मुलांनी नीट ध्यानात घ्यावा. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, अशी समजूत तेव्हा होती. अजूनही ती अनेक ठिकाणी ऐकू येते. स्वामींनी मोजून पाहिले तेव्हा त्या समजुतीस आधार मिळाला नाही. श्वास सावकाश घेतला म्हणजे मिनिटातील श्वासांची संख्या घटते, आणि रक्त तर साध्या श्वासानेही प्राणवायूने बहुतेक भरलेलेच असते. योगाचा पुरस्कर्ता असूनही त्यांनी हा निष्कर्ष दडविला नाही. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राणायामावरील पुस्तकात मांडले. आपल्याच पक्षाचे लाडके मत बाजूस सारणे हे परक्याचे मत खोडण्याहून कितीतरी अवघड असते. मात्र त्यांचे हे प्रयोग थोड्या आणि बहुतांशी निरोगी माणसांवर झाले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. रोग्यांविषयी त्यांवरून फारसे अनुमान काढता येत नव्हते.

कीर्ती हळूहळू पसरली. १९२७ साली रक्तदाबाच्या विकाराने आजारी असलेल्या गांधीजींनी पत्रव्यवहार करून त्यांचा सल्ला घेतला. केरळातील कोवूर थॉमस बेहनन हा येल विद्यापीठाचा विद्यार्थी लोणावळ्यास येऊन त्यांच्यापाशी राहिला. योगाच्या शास्त्रीय परीक्षणाचे त्याचे इंग्रजी पुस्तक १९३७ साली निघाले. १९५७ साली अमेरिकेतील वेंगर व बागची हे दोन संशोधक आपली यंत्रे घेऊन आले. मुंबईस १९३२ साली एक आरोग्यकेंद्र निघाले होते, त्याचाही विस्तार झाला.

आता दम्याविषयी. दम्यात फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांभोवतालचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते व कफ दाटतो. आत घेतलेली हवा बाहेर टाकणे हीच खरी अडचण होते. रोगी घाबरतो, श्वास भरभर घेऊ लागतो, आणि धाप अधिकच वाढते. १९६०च्या सुमारास कैवल्यधामात योगोपचाराचे रुग्णालय सुरू झाले, व तेथे दमेकऱ्यांस श्वासाचे शिक्षण मिळू लागले. नाक स्वच्छ करावे, श्वास बाहेर सोडण्याचा काळ आत घेण्याच्या दुप्पट ठेवावा, दम कोंडण्याचा हट्ट धरू नये, अंग सैल सोडण्यास शिकावे, असा त्या उपचाराचा रोख होता. डॉक्टर विनेकर यांच्यासह स्वामींनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक भारत सरकारच्या आरोग्यखात्याने १९६३ साली प्रसिद्ध केले. शालेय शारीरिक शिक्षणाच्या सरकारी मंडळांवरही त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी निवर्तले. पुढच्याच वर्षी दम्यावरील योगोपचाराचा डॉक्टर भोळे यांचा अहवाल योगमीमांसेत छापून आला. मात्र उपचार घेतलेल्या रोग्यांशी तुलना करण्यास तो न घेतलेले रोगी असावे लागतात. दमा आपोआपही कमीजास्त होतो, ऋतू पालटला की उतरतो, आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या उपायास मिळते. ही तुलना पुढे झाली. १९८५ साली बंगळूरच्या नागरत्ना व नागेंद्र यांनी त्रेपन्न दमेकऱ्यांस योग शिकवून तेवढ्याच दुसऱ्या दमेकऱ्यांशी त्यांची तुलना केली; योग करणाऱ्यांस झटके कमी आले व औषधही कमी लागले. १९९० साली इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे सौम्य दमा असलेल्या अठरा रोग्यांवर एक युक्तीचा प्रयोग झाला. श्वास सावकाश करावयास लावणारे एक उपकरण आणि तसेच दिसणारे पण निरुपयोगी असे दुसरे, अशी दोन्ही रोग्यांस पाळीपाळीने देण्यात आली. खऱ्या उपकरणाने श्वासनलिकांची चिडखोर वृत्ती थोडी कमी झालेली आढळली.

पालकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. स्वामींच्या उमेदीच्या काळी दम्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती; श्वासावाटे घ्यावयाची सूज उतरविणारी औषधे त्यांच्या निधनानंतर, १९७०च्या दशकात प्रचारात आली. ज्या मुलास डॉक्टरांनी असे औषध दिले आहे त्याचे ते प्राणायामाच्या भरवशावर बंद करणे जिवावर बेतू शकते. उबळ आली असता प्रथम फवारा द्यावा, उतार न पडल्यास इस्पितळ गाठावे. प्राणायामाचा सराव मूल बरे असताना, जाणत्याच्या देखरेखीखाली करावा.

२०१६ साली जगातील अशा पंधरा प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत मिळून एक हजार अठ्ठेचाळीस रोगी होते. योगाने दम्याची लक्षणे व रोग्याचे दैनंदिन जीवन यांत थोडी सुधारणा बहुधा होते, असे त्यात आढळले. फुप्फुसांच्या शक्तीच्या मोजमापात मात्र निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे जुळले नाहीत. लोणावळ्याचे कैवल्यधाम आजही चालू आहे, आणि योगमीमांसेचे अंक तेथून अद्याप निघत असतात.