रिद्धपूरची महदंबा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे भगिनींनी मला सांगितले, तेव्हा मला फार दूर जावेसे वाटले नाही. आपण कामानिमित्त नेहमी मोर्शीला जातो. त्याच मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरास मराठीची आद्य कवयित्री महदंबा होऊन गेली.

महदंबेला, म्हणजेच महदाइसेला, बालपणीच वैधव्य आले. तेराव्या शतकात अशा मुलीच्या वाट्यास काय येत असेल, हे आपणां स्त्रियांना निराळे सांगावयास नको. परंतु ती श्रीचक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात आली. या पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि त्यांचा विटाळ मानला नाही. भिक्षेचे अन्न, ब्रह्मचर्य, अहिंसा व ईश्वराचे स्मरण हा तेथील आचार होता. महदंबा मोठी जिज्ञासू. तिने स्वामींना विचारलेले प्रश्न लीळाचरित्रात जागोजाग आढळतात.

स्वामींच्या प्रयाणानंतर ही मंडळी त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सेवेस रिद्धपुरी राहिली. सन १२८६ च्या सुमारास प्रभूंना स्वतःच्या विवाहाचा खेळ मांडण्याची लहर आली आणि त्यांनी महदंबेस गाणी म्हणावयास सांगितले. वरासाठी लग्नात म्हणावयाच्या गीतांना धवळे म्हणतात. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथल्या तेथे रचून गाइले. उत्तरार्ध पुढे रचला. रुक्मिणी तर कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्याची माहेरवाशीण! म्हणून या गीतांत मला घरचा जिव्हाळा वाटतो.

पंथाचे पुढारी नागदेवाचार्य हे महदंबेचे चुलतभाऊ. केशोबास या पंडिताने संस्कृतात ग्रंथरचना करण्याचे मनात आणले, तेव्हा अशाने पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे सांगून त्यांनी त्याला आवरले. पुढे पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले गेले आणि शतकानुशतके बाहेरच्या जगास अपरिचित राहिले. विसाव्या शतकात ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे महदंबा सर्वांची झाली.

या चरित्रातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या स्त्रीला रूढीने मंगलकार्यात पुढे येऊ दिले नसते, तिनेच मराठीला लग्नाची गाणी दिली. आणि आपण? सन २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तरीही हळदीच्या वेळी अशी एखादी काकू वा आत्या आपण होऊन मागे सरते, आणि पुष्कळदा जुनी गाणी तिलाच सर्वांत अधिक येत असतात. ती मागे बसली की गाणीही मागे राहतात.

म्हणून माझी मंडळास विनंती आहे, की यंदा आपल्यापैकी कोणाच्याही घरी मांडव पडला, तर पहिले गाणे तिला म्हणू द्यावे. महदंबेचे स्मरण याहून चांगले कोणते?