राजर्षी शाहू महाराज आणि मुस्लिम बोर्डिंग



शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गडहिंग्लज पेट्यातील एखाद्या मुलाला पुढे शिकायचे झाले, तर कोल्हापुरात राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे, हा प्रश्न फीच्याही आधी उभा राही. ही अडचण ओळखणाऱ्या छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र आपण वाचलेच पाहिजे.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाले आणि 1894 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. दरबारातील वरच्या जागा बहुतेक एकाच वर्गाकडे होत्या. 1902 मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला; पण त्या जागांवर बसण्याजोगी शिकलेली मुले आणायची कोठून?

1896 मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह निघाले होते. तेथे लवकरच उच्चवर्णीयांचाच भरणा झाला. म्हणून 1901 पासून महाराजांनी समाजवार वसतिगृहांचा मार्ग धरला. मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज, सर्वांची सोय होत गेली. आपल्या समाजातून मात्र कोणी पुढे येईना. कटू आहे, पण खरे आहे. तेव्हा महाराजांनी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले. पुढे 1906 मध्ये शहरातील प्रतिष्ठित मुस्लिमांना स्वतः बोलावून किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व तिचे अध्यक्षपदही स्वतःकडे घेतले. संस्थानचा राजा आपल्या मुलांच्या वसतिगृहाचा अध्यक्ष! दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ते हेच.

अशा वेगळ्या वसतिगृहांनी समाजात फूट पडते, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते. आपण दूरच्या अमेरिकेकडे पाहू. 1865 मध्ये तेथील गुलामगिरी संपली, तरी गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे काळ्या मुलांना बहुधा बंदच होती. 1867 मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा गावी काळ्या लोकांच्या स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक शाळा भरू लागली. तीच पुढे अटलांटाचे मोरहाऊस कॉलेज झाली. मार्टिन ल्यूथर किंग 1948 मध्ये तेथूनच पदवीधर झाले, आणि भेदाच्या भिंती पाडण्यासाठी लढले. वेगळ्या दारातून आत गेलेला मुलगा वेगळाच राहतो, असे नाही. आपल्याकडे तर निजणे-जेवणे तेवढे बोर्डिंगात. बाक राजाराम कॉलेजचा, सर्वांबरोबरचा.

1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता, आणि त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. कुराणाचे मराठी भाषांतर करवून घेण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. 6 मे 1922 रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले.