संसारात राहून अभंग रचणारी माउली : संत बहिणाबाई

बहिणाबाई म्हटलं की पुष्कळांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. आम्ही इथे सांगतो आहोत ते त्यांच्याही कितीतरी आधीच्या, तुकोबारायांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाईंविषयी. आपलं चरित्र त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलं, हे आपल्यावर थोर उपकार आहेत.

शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ च्या सुमारास वेरूळ परिसरातल्या देवगावी त्यांचा जन्म झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. खेळण्याच्या वयातच शिऊरच्या रत्नाकर पाठकांशी लग्न लागलं. नवरा बिजवर, तिशीचा, वैदिक आणि कडक स्वभावाचा. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांपायी कुटुंबाला रातोरात गाव सोडावं लागलं. भिक्षा मागत ही मंडळी पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं करत कोल्हापूरला पोचली. घर नाही, शेत नाही, उद्याची खात्री नाही, असं ते बालपण!

कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. तिथे दान मिळालेल्या गाईचं वासरू बहिणाबाईंना इतकं लागलं, की पाणी आणायला, कथेला, कुठेही गेल्या तरी ते मागेमागे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून वासराला बाहेर काढलं, तर ते हंबरू लागलं. स्वामींनी त्याला आत आणवलं आणि वासराच्या नि मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. गावभर चर्चा झाली. नवऱ्याला ते खपलं नाही. त्याने पोरीला वेणी धरून मारलं, बांधून घातलं. वासराने चारा-पाणी सोडलं आणि थोड्याच दिवसांत प्राण सोडला.

त्या दुःखात बहिणाबाई निपचित पडल्या. ओठांवर मात्र जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग होते. कार्तिक वद्य पंचमीला स्वप्नात तुकोबारायांनी येऊन मंत्र दिला. शूद्राला गुरू करणारी बायको नको, म्हणून नवरा घर सोडून निघाला, तेव्हा त्या गरोदर होत्या. पण जायच्या वेळी तो आजारी पडला. महिनाभर अंथरुणाला खिळला असता सेवा केली ती बहिणाबाईंनीच. त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला आले.

देहूतही सुख नव्हतं. मंबाजीने आपल्यालाच गुरू करा म्हणून हट्ट धरला, नकार मिळताच छळ मांडला, त्यांची गायसुद्धा मारली-लपवली. तरी रोज तुकोबांचं कीर्तन ऐकायचं आणि घरचं सगळं करायचं, हा क्रम मोडला नाही. तिथेच मुलगी काशीबाईचा जन्म झाला. मुलगा विठोबा पुढचा.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की एवढ्या त्रासात यांना अभंग सुचले कसे? आम्हाला वाटतं, त्यांनी दुःख लपवलं नाही आणि दुःखालाच सर्वस्वही मानलं नाही. जे भोगलं ते विठ्ठलापुढे मांडलं. वेद ऐकायचा अधिकार बाईला नाही, हे सल त्यांनी उघड बोलून दाखवलं. ब्राह्मण कोणाला म्हणावं, हा प्रश्न विचारणारी वज्रसूची त्यांनी मराठी अभंगांत आणली. आणि संतांच्या कार्याला देवळाची उपमा देणारा, आपण भजनात नेहमी म्हणतो तो अभंगही त्यांच्याच नावाचा. चौकट घराची होती, पण बुद्धी मोकळी होती.

नवऱ्याचा मार सोसला म्हणून त्या संत झाल्या, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मार हा अन्यायच. त्या मोठ्या झाल्या त्या नामाने आणि शब्दाने.

इ. स. १७०० मध्ये शिऊरला त्यांनी देह ठेवला. त्याआधी मुलाला जवळ बोलावून आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. तिथे त्यांची समाधी आहे.

आज आपल्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन माय-बहिणी चालतात. कुणाच्या घरी कर्ज, कुणाकडे आजारपण, कुणाचं पीक गेलेलं. त्यांतल्या एखादीला ओवी सुचली, तर तिला ती म्हणू द्यावी, घरच्यांनी ती ऐकावी, कुणीतरी लिहून ठेवावी. बहिणाबाईंची खरी आठवण हीच, असं आम्ही मानतो.

रामकृष्णहरी!